होडीचे कोडे (मधल्या थांब्यासह)

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार नेण्याच्या प्रसिद्ध कोड्याचा एक प्रकार. मूळ कोड्यात नावाड्याशेजारी एकालाच जागा असते आणि त्याची पाठ वळली की वाघ शेळीला, शेळी गवताला खाते. ते ७ खेपांत सुटते. युरोपात ते यॉर्कच्या अल्क्विनच्या नावावर असलेल्या मध्ययुगीन लॅटिन संग्रहात आढळते.

त्याच संग्रहात तीन जोड्यांचेही कोडे आहे. नवरा जवळ नसताना बायको परक्या पुरुषासोबत राहू नये ही त्यातली अट. दोघांच्या होडीतून तीन जोडपी ११ खेपांत पार होतात, चार होतच नाहीत. गणितज्ञ तार्ताल्याने सोळाव्या शतकात चारही होतात असे लिहिले; ती चूक पुढे बाशे या गणितज्ञाने दाखवली. १८७९ मध्ये दे फोंतने यांनी नदीच्या मधोमध एक बेट कल्पिले आणि चार जोडपी पार झाली. प्रवासी तेच, होडी तीच. बदलली ती फक्त जागा. या कोड्याला मिळालेले हे सर्वांत सुंदर वळण आहे.

वाघ-शेळीसारखेच एक कोडे मुंबईच्या मढ-वेसावे तरीवर मांडून पाहावे. मढच्या धक्क्यावर एक मांजर आणि तीन पाट्या आहेत : बांबूच्या वलांडीवर वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे. होडीत नावाड्याखेरीज एकच नग मावतो. पहिल्या खेपेला मांजरच न्यावी लागते, नाहीतर ती मासळीपाशी एकटी राहते. पुढच्या खेपेला बोंबील वेसाव्याला पोचले की मांजर परत आणणे भाग. आता मढला मांजर, जवळा आणि सोडे. कोणतीही पाटी उचलली तरी दुसरीवर मांजर ताव मारणार. कोडे इथेच अडते. (मालाड-मार्वेवरून रस्त्याने वळसा घालता येतो, पण कोड्यात रस्ता नसतो.)

आता खाडीत नांगरलेली एक रिकामी होडी धरा. मांजर तिच्यावर सोडायची, तिन्ही पाट्या एकेक करून वेसाव्याला पोचवायच्या आणि शेवटी मांजर घ्यायची. मधल्या होडीपर्यंतची प्रत्येक ये-जाही मोजली तरी ९ खेपा होतात. पाट्या तीनच्या तीस झाल्या तरी हीच युक्ती चालते.

२००८ मध्ये गणितज्ञ चोर्बा, हुर्केन्स आणि वोगिंगर यांनी थांबा नसलेल्या कोड्याचा सर्वसाधारण नियम अभ्यासला. किती जणांना बाजूला काढले की उरलेल्यांत भांडण उरत नाही, ती कमीत कमी संख्या काढावी. होडीत नावाड्याखेरीज तेवढ्याच किंवा एक जास्त जागा लागतात. इथे ती संख्या १, कारण भांडणाचे मूळ एकटी मांजर. तरीही मधली होडी नसेल तर जागा २ लागतात, म्हणजे मांजर सगळ्या खेपांत नावाड्याच्या पायाशीच बसवता येते.