गोंगाट-निवारक श्राव्य फिल्टर (हौशी रेडिओ)

गोंगाट-निवारक श्राव्य फिल्टर हे हौशी रेडिओ केंद्रातील एक साहाय्यक साधन आहे. रिसीव्हरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजातील खरखर, शिट्टी व गुणगुण कमी करून क्षीण संकेत ऐकण्याजोगा करणे हे त्याचे कार्य होय. रिसीव्हर आणि हेडफोन यांच्यामध्ये जोडलेले स्वतंत्र उपकरण किंवा ट्रान्सीव्हरमधील अंतर्भूत सोय अशा दोन्ही स्वरूपांत तो आढळतो. ट्रान्सीव्हरवरील त्याच्या बटणावर बहुधा ‘एनआर’ ही अक्षरे असतात.

गोंगाटाचे स्रोत

लघुलहरींवर, विशेषतः ८० व ४० मीटर पट्ट्यांवर, दूरच्या वादळांतील विजांमुळे वातावरणीय खरखर ऐकू येते. वस्तीच्या भागात एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर इत्यादींचा गोंगाट तिच्यात मिसळतो. वीजवाहिनीवरील सैल जोडात पडणाऱ्या ठिणग्या प्रत्येक आवर्तनात दोनदा उमटतात. त्यामुळे ५० हर्ट्‌झ वीजपुरवठ्याच्या प्रदेशात १०० हर्ट्‌झची गुरगुर ऐकू येते.

कार्यपद्धती

पट्टारुंदी कमी करणे ही सर्वांत जुनी पद्धत आहे. सर्व वारंवारतांवर सारखा पसरलेला गोंगाट पट्टारुंदीच्या प्रमाणात कमी होतो. २,४०० हर्ट्‌झ रुंदीचा पट्टा २४० हर्ट्‌झ केल्यास गोंगाटाची शक्ती एक दशांश, म्हणजे १० डेसिबलने कमी होते. मोर्स संकेतांना एवढी रुंदी पुरते. संभाषण सुबोध राहण्यासाठी मात्र साधारण ३०० ते २,७०० हर्ट्‌झ हा पट्टा लागतो.

दुसरी पद्धत अनुकूली फिल्टरची आहे. तिचा पाया असलेली ‘एलएमएस’ ही गणनपद्धती बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० मध्ये मांडली. मानवी आवाज व मोर्स स्वर यांचे क्षणापूर्वीच्या स्वतःच्या रूपाशी साम्य असते. यादृच्छिक गोंगाटात ते नसते. फिल्टर मागील नमुन्यांवरून पुढील नमुन्याचा अंदाज बांधतो व अंदाज करता येणारा भाग राखून उरलेला वगळतो. हीच क्रिया उलटी केल्यास सलग शिट्टी वगळली जाते व संभाषण उरते. तिला स्वयंचलित नॉच म्हणतात.

वर्णपट-वजाबाकी या तिसऱ्या पद्धतीत गोंगाटाच्या वर्णपटाचा अंदाज घेऊन तो एकूण आवाजाच्या वर्णपटातून वजा केला जातो.

जोडणी व वापर

स्वतंत्र उपकरण रिसीव्हरच्या हेडफोन किंवा लाइन निर्गमाला जोडतात. सर्वांत मोठ्या आवाजालाही अतिभार दर्शवणारा दिवा लागणार नाही, अशी आगम पातळी ठेवली जाते. वापराचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. फिल्टर बंद ठेवून संकेत नीट जुळवून घेणे व आरएफ गेन आवश्यक तेवढा कमी करणे.
२. संकेताच्या प्रकारानुसार पट्टारुंदी निवडणे.
३. शिट्टी असल्यास नॉच चालू करणे. मोर्स ऐकताना स्वयंचलित नॉच बंद ठेवावा लागतो. अन्यथा तो हवा असलेला स्वरच पुसतो.
४. गोंगाट-निवारण शून्यापासून हळूहळू वाढवणे व शब्द अस्पष्ट होऊ लागताच थोडे मागे येणे.

अंकीय प्रक्रियेमुळे आवाज किंचित उशिरा ऐकू येतो. मोर्स पाठवताना स्वतःचा स्वर अशा उपकरणातून ऐकल्यास या विलंबाने लय बिघडू शकते.

मर्यादा

‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे घर्षक ध्वनी गोंगाटाशी मिळतेजुळते असल्याने तीव्र निवारणात तेच आधी नाहीसे होतात. पार्श्वभूमी शांत भासते, परंतु शब्द ओळखणे कठीण होते. आपत्कालीन संदेशात नाव किंवा आकडा चुकणे गंभीर ठरते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबार बेटांवरून हौशी रेडिओ चालकांनी असे संदेश पोहोचवले होते. त्यामुळे संशयास्पद शब्द फिल्टर बंद करून पुन्हा ऐकण्याची व संदेश परत वदवून घेण्याची पद्धत उपयुक्त ठरते.

श्राव्य फिल्टर रिसीव्हरच्या शेवटच्या टप्प्यावर काम करत असल्याने आधीच्या टप्प्यांतील बिघाड तो दुरुस्त करू शकत नाही. शेजारच्या प्रबळ संकेतामुळे स्वयंचलित गेन नियंत्रणाने संवेदनशीलता घटवली असल्यास, तो संकेत कानाआड करूनही क्षीण संकेत वर येत नाही. ठिणग्यांसारख्या अल्पकालीन स्पंदांसाठी नॉइज ब्लँकर हे वेगळे मंडल असते. अरुंद फिल्टरमधून गेल्यावर स्पंद लांबत असल्याने ते त्याच्या आधीच्या टप्प्यात बसवले जाते.

एफटी८ यांसारख्या अंकीय पद्धतींत संगणक सुमारे ३,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यातील अनेक संकेत एकाच वेळी उलगडतो. तेथे गोंगाट-निवारणाने संकेत विकृत होऊ शकतात, म्हणून ते बंद ठेवले जाते.