ऐंशी चुकीच्या हालचाली

घर आवरलेलं ठेवायचा उत्साह टिकवायचा कसा, यावर आज ढिगाने पुस्तकं आणि व्हिडिओ आहेत. सगळ्यांचा सूर एकच, की दोष तुमच्या आळसात आहे. मला मात्र उत्सुकता होती ती हा प्रश्न चक्क इंजिनियरिंगचा म्हणून हाताळणाऱ्यांची. आपल्या जातीची माणसं, दुसरं काय!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कार्यक्षमतेची साथ आली होती. टेलरसाहेब स्टॉपवॉच घेऊन कामगारांची कामं मोजत होते, गिलब्रेथ गवंड्याच्या एका विटेमागच्या १८ हालचाली ५ वर आणत होता. क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या गृहिणीने हे सगळं नवऱ्याच्या एका एफिशियन्सी इंजिनियर मित्राकडून ऐकलं आणि तिला साधा प्रश्न पडला: हे माझ्या स्वयंपाकघरात का नाही? १९१२ मध्ये तिने 'लेडीज होम जर्नल'मध्ये लेखमाला लिहिली, १९१३ मध्ये त्याचं पुस्तक झालं. तिचा शोध काय, तर नुसती भांडी घासताना आपण ऐंशी चुकीच्या हालचाली करतो! ओट्याची उंची चुकली की कंबर वाकते, ताटाळं लांब असलं की हेलपाटे वाढतात. घरकाम कंटाळवाणं नाही, त्याची प्रोसेस गंडलेली आहे, असं तिचं म्हणणं. प्रोसेस सुधारा, उत्साह आपोआप येईल. (आमच्या क्वालिटी टीमने तिला लगेच उचललं असतं.)

तिचं पुस्तक जर्मनीत पोचलं आणि ते वाचणाऱ्यांत मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ही तरुण आर्किटेक्ट होती. पहिल्या महायुद्धानंतर घरांची भयंकर टंचाई होती आणि फ्रँकफुर्ट शहर कामगारांसाठी हजारोंनी घरं बांधत होतं. १९२६ मध्ये तिने त्यांच्यासाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते आजच्या मॉड्युलर किचनची आजीच म्हणायला हवी. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची खोली, प्रेरणा रेल्वेच्या डायनिंग कारची. तांदूळ, साखर, डाळींसाठी नावं लिहिलेले अ‍ॅल्युमिनियमचे ओतता येणारे खण, कचरा थेट खाली सारायची सोय, भिंतीला दुमडणारा इस्त्रीचा फळा. सुमारे दहा हजार घरांत हे बसवलं गेलं. पसारा होऊ नये याची जबाबदारी तिने बाईच्या मनोबलावर नाही, सुतारावर टाकली, हे मला फार आवडलं. आणि गंमत म्हणजे, हे आखेपर्यंत आपण स्वतः कधी स्वयंपाकच केला नव्हता, असं बाईंनी म्हातारपणी सांगून टाकलं.

पण एक बग राहिला. त्या खोलीत माणूस मावतं एकच. मदतीला दुसरं कुणी आलं की अडचणच. वेळ वाचवताना ते काम एकटीचं आहे, हेही नकाशातच पक्कं झालं.

आणि वेळ तरी वाचला का? १९७४ मध्ये जोअ‍ॅन वॅनेक या अभ्यासिकेने जुने आकडे तपासले. नोकरी न करणारी अमेरिकन गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करायची, १९६० च्या दशकात ५५! मधल्या काळात घरोघरी वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर आले तरी. १९८३ मध्ये रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी त्यामागचा घोळ उलगडला. सरपण फोडणं, गालिचे झटकणं ही पुरुषांची आणि मुलांची कामं यंत्रांनी संपवली, बाईची मात्र राहिली. वर 'स्वच्छ' या शब्दाचा अर्थच फुगत गेला.

हे आपल्याला नवं नाही. आमच्याकडे मशीन नव्हतं तेव्हा चादरी महिन्याने धुतल्या जायच्या आणि त्या कुणाला घाण वाटायच्या नाहीत. मशीन आल्यावर दर रविवारी. आठवड्याला पाच दिवस ऑफिस, त्यात ट्रॅफिक, आणि मोजमाप मात्र बिल्डरच्या ब्रोशरमधल्या सॅम्पल फ्लॅटचं. मग उत्साह टिकणार कसा? शिवाय उत्साहाच्या गप्पा मारणाऱ्या आपल्यासारख्या बऱ्याच घरांत फरशी मावशी पुसतात. त्यांचा उत्साह कुणी विचारत नाही, त्या स्वतःच्या घरी जाऊन तेच काम पुन्हा करतात.

आम्ही दोघांनी बसून रिक्वायरमेंट कमी केल्या. रात्री झोपण्याआधी ओटा आणि सिंक रिकामं, दारातल्या चपला रॅकमध्ये. भांडी एक दिवस तिची, एक दिवस माझी. पंखे दिवाळीला. पाहुणे अचानक आले तर येऊ देत. सासूबाईंना पंख्यांचं कलम अजून मंजूर नाही, चर्चा चालू आहे.