प्रतिकृतिचित्रण

चित्रपटाच्या कथानकास आवश्यक असलेले जे स्थळ, जी इमारत, जे वाहन किंवा जो प्राणी प्रत्यक्षात उपलब्ध नसतो, अथवा उपलब्ध असूनही ज्याचा विध्वंस करणे, ज्याला आकाशात उडविणे वा समुद्रात बुडविणे शक्य नसते, त्याची प्रमाणबद्ध लहान आकृती घडवून, ती पूर्णाकृती वस्तूच आहे असा प्रत्यय प्रेक्षकास यावा अशा रीतीने तिचे चलच्चित्रण करण्याच्या कलेस प्रतिकृतिचित्रण असे म्हणतात. व्यवसायात अशा आकृतीस ‘मिनिएचर’ आणि या जातीच्या सर्व करामतींना सरसकट ‘ट्रिक सीन’ म्हणण्याचा प्रघात आहे. सुतार, ओतारी, शिल्पी, रंगारी, दारूकाम जाणणारा, विजेची योजना पाहणारा आणि छायाचित्रकार अशा अनेकांचे कसब येथे एकाच पडद्याच्या चौकटीत येऊन मिळते. आणि त्यांपैकी एकाचाही हिशेब चुकला तर इतर सर्वांची मेहनत वाया जाते, इतके हे काम परस्परावलंबी आहे.

या कलेचे मर्म हुबेहूब घडणीत आहे, अशी सामान्य समजूत असते. घडणीचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु ज्यांनी हे काम जन्मभर केले त्यांच्या कृती बारकाईने पाहिल्या असता असे ध्यानात येते की, वस्तू लहान करणे हा या कामाचा सोपा भाग असून खरी अडचण वस्तूबरोबर निसर्ग लहान होत नाही ही आहे. पाच मीटर उंचीवरून सुटलेल्या दगडास जमिनीवर पोहोचण्यास सुमारे एक सेकंद लागतो. तीच इमारत पंचविसांश प्रमाणात उभारली म्हणजे पाच मीटरांचे वीस सेंटिमीटर होतात, आणि हे अंतर दगड सेकंदाच्या एक पंचमांश भागातच काटतो. कारण गुरुत्वाकर्षण काही पंचविसांश झालेले नसते. म्हणून असा मनोरा नेहमीच्या गतीने चित्रित केल्यास तो कोसळताना दिसत नाही, एखादे खेळणे कलंडल्यासारखा दिसतो. यावर उपाय असा की, कॅमेऱ्याने दर सेकंदास २४ ऐवजी १२० चित्रे घ्यावयाची आणि ती दाखविताना मात्र २४ च्याच गतीने दाखवावयाची. काळ पाचपट ताणला गेल्याने वस्तुमानाचा भास परत येतो. प्रतिकृती जितक्या पटींनी लहान, त्या संख्येचे वर्गमूळ काढून तितक्या पटींनी कॅमेऱ्याची गती वाढविणे, हा या व्यवसायातील मूलभूत नियम होय.

परंतु या नियमालाही न जुमानणाऱ्या काही गोष्टी आहेत, आणि त्यांत पाणी हे सर्वांत हट्टी आहे. पृष्ठताणामुळे पाण्याच्या थेंबाचा आकार ठरलेला असतो; जहाज विसांश झाले म्हणून त्याच्या नाळेवर उडणारा तुषार विसांश होत नाही, आणि चार थेंब वाटाण्याएवढे दिसले की संपूर्ण आरमार हौदात तरंगत असल्याचे उघड होते. यामुळे सागरदृश्यांसाठी प्रतिकृती शक्य तितक्या मोठ्या करण्याची वहिवाट पडली. ‘रेज द टायटॅनिक’ (१९८०) या चित्रपटासाठी केलेले जहाज सुमारे ५५ फूट लांबीचे होते आणि त्याच्यासाठी माल्टा बेटावर स्वतंत्र जलाशय बांधावा लागला. ज्योतीचेही तसेच. लहान आगीच्या जिभा लहान आगीसारख्याच वागतात, म्हणून जळणाऱ्या नगराची प्रतिकृती मोठी आणि कॅमेऱ्याची गती त्याहून मोठी ठेवावी लागते. उलट कधी कधी पाण्यानेच ढगांचे काम केले आहे: काचेच्या हौदात तळाशी जड खारे पाणी व वर हलके गोडे पाणी भरून, त्यांच्या संधीवर पांढऱ्या रंगाची पिचकारी सोडली असता तो रंग मेघांप्रमाणे उमलत पसरतो, ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) यातील आकाश या रीतीने सिद्ध झाले.

हवा ही तिसरी अडचण होय. दूरचा डोंगर निळसर व धूसर दिसतो तो मधल्या हवेमुळे. टेबलावरच्या डोंगराला ती हवा नसते. ‘ब्लेड रनर’ (१९८२) च्या प्रारंभी जे अफाट औद्योगिक नगर दिसते, त्याची प्रतिकृती धुराने भरलेल्या बंदिस्त दालनात चित्रित केलेली होती आणि मैलोगणती अंतराचा भास त्या धुराने निर्माण केला. यास जोडूनच प्रकाशाचा प्रश्न येतो. भिंग लहान वस्तूजवळ नेले की पुढचा भाग स्पष्ट व मागचा अस्पष्ट होतो, आणि प्रेक्षकाचा डोळा या एका खुणेवरून वस्तूचा आकार तत्काळ ओळखतो. ती खूण लपविण्यासाठी भिंगाचे छिद्र अगदी लहान करावे लागते. छिद्र लहान केले की प्रकाश प्रचंड लागतो. आणि त्यातच कॅमेरा पाचपट गतीने चालविला तर दिव्यांच्या उष्णतेने मेण वितळण्याची व रंग फुगण्याची वेळ येते. वस्तू स्थिर असेल तर मात्र घाई नसते, ही गोष्ट पुढे अंतराळदृश्यांच्या कामी फार उपयोगी पडली.

या कलेचा उगम चित्रपटाच्या जन्माबरोबरचाच आहे. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धाच्या वेळी व्हायटाग्राफ या संस्थेच्या ब्लॅकटन व स्मिथ या चालकांनी युद्धनौकांची कापलेली चित्रे उथळ पाण्यात उभी करून, चिमूटभर दारूचे स्फोट व तंबाखूचा धूर यांच्या साहाय्याने आरमारी लढाई दाखविली, असे स्मिथ यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे. पॅरिसमधील झॉर्झ मेलिएस (१८६१–१९३८) हे मूळचे जादूगार. त्यांनी माँत्रई येथे काचेचे चित्रणगृह बांधून रंगभूमीवरील गुप्तद्वारे, लटकते पडदे व दुहेरी चित्रण यांचा एकत्र उपयोग केला आणि १९०२ साली चंद्रयात्रेचा आपला प्रसिद्ध चित्रपट निर्माण केला.

जादू व छायाचित्रण यांचा हाच संयोग महाराष्ट्रात धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांच्या ठायी झालेला आढळतो, आणि तो केवळ योगायोग मानता येत नाही. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे चित्रकला, छायाचित्रण व घडणीचे शिक्षण, पुरातत्त्व खात्यातील छायाचित्रकाराची नोकरी, लोणावळ्यातील शिळाछपाईचा अनुभव, आणि ‘प्रोफेसर केळफा’ या आपल्याच आडनावाच्या उलट्या अक्षरांखाली केलेले जादूचे प्रयोग, एवढी शिदोरी घेऊन ते चित्रपटाकडे वळले. त्यांचा पहिला प्रयोग म्हणजे वाटाण्याच्या अंकुराची वाढ: कित्येक दिवस थोड्या थोड्या अवकाशाने एकेक चित्र घेऊन त्यांनी काळ आवळला आणि ती फीत दाखवून भांडवल उभे केले. प्रतिकृतीसाठी काळ ताणावा लागतो, येथे तो आवळला. तत्त्व एकच, आणि ते फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) प्रदर्शित होण्यापूर्वीच अवगत झाले होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात जितकी ठळकपणे सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालियामर्दन’ (१९१९) हे चित्रपट त्यांच्या नाशिक येथील कारखान्यात सिद्ध झाले. ‘श्रीकृष्णजन्म’ चा जो भाग आज उपलब्ध आहे त्यात भयग्रस्त कंसाला आपले शिर धडावेगळे होऊन वर जात असल्याचे दिसते. काळ्या पार्श्वभूमीपुढे फितीचा काही भाग झाकून ठेवावयाचा, फीत मागे घेऊन तोच भाग पुन्हा प्रकाशित करावयाचा, अशा दुहेरी चित्रणाची ही शिस्तबद्ध करामत आहे. मेलिएसचे प्रेक्षक चमत्कार पाहून कारागिराचे कौतुक करीत. फाळक्यांच्या प्रेक्षकांना चमत्कार अगोदरच ठाऊक होता, कीर्तनातून व पुराणातून ऐकलेला होता, आणि तो ऐकल्याबरहुकूम डोळ्यांपुढे उतरला की नाही एवढीच खातरजमा ते करीत होते. ही कसोटी पहिलीपेक्षा कठीण होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुढे प्रभात फिल्म कंपनीने ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील वैकुंठगमनात व ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) मधील चालत्या भिंतीच्या प्रसंगात ही परंपरा संयमाने चालविली. मुंबईत बाबूभाई मिस्त्री यांनी ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) मध्ये काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हालवून अदृश्य मनुष्याचा संचार दाखविला आणि ‘काला धागा’ हे टोपणनाव मिळविले, दक्षिणेत के. व्ही. रेड्डी यांच्या ‘मायाबझार’ (१९५७) साठी द्वारकानगरीची प्रतिकृती उभारण्यात आली व मार्कस बार्टली यांनी तिचे चित्रण केले.

प्रतिकृती व जिवंत पात्रे एकाच चौकटीत, एकाच वेळी आणण्याच्या युक्त्यांत लटकती प्रतिकृती ही विशेष सुंदर आहे. ‘बेन-हर’ (१९२५) साठी रथशर्यतीच्या रिंगणाचा खालचा भागच प्रत्यक्ष बांधला होता. वरच्या प्रेक्षकगॅलऱ्या कॅमेऱ्यासमोर टांगलेल्या लहान आकृतीत होत्या, आणि त्यांत उठून उभ्या राहणाऱ्या हजारो इवल्या बाहुल्या बसविल्या होत्या. जोड दिसू नये म्हणून कॅमेरा नेमका भिंगाच्या त्या बिंदूभोवती फिरवावा लागतो, जेथून पाहता जवळच्या व दूरच्या वस्तूंची परस्परस्थिती बदलत नाही. केसभर चूक झाली तरी छत भिंतीवरून सरकते. जर्मनीत ऑयगेन शुफ्टान यांनी याच हेतूने आरशाची योजना केली: कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत आरसा ठेवून त्यात बाजूच्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब पाडावयाचे, आणि जेथे पात्रे दिसावयाची तेथील पारा खरवडून काच मोकळी करावयाची. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) मधील भव्यता बऱ्याच अंशी या खरवडलेल्या आरशाची आहे.

सजीवांच्या प्रतिकृतीत विलिस ओब्रायन यांचे ‘किंग काँग’ (१९३३) हे काम अव्वल दर्जाचे मानले जाते. मार्सेल देलगाडो यांनी घडविलेल्या, सुमारे १८ ते २४ इंच उंचीच्या त्या वानरास आत उखळीसांध्यांचा धातूचा सांगाडा, त्यावर रबर आणि वर सशाची कातडी होती. एकेका चित्रासाठी तो हाताने किंचित हालविला जाई, आणि प्रत्येक स्पर्शाने त्याची लव विस्कटे. पडद्यावर ती सतत सळसळताना दिसते. कारागिराच्या बोटांचा हा ठसा दोष म्हणून नोंदविण्याचा प्रघात आहे. परंतु त्या सळसळीने वानर क्षुब्ध व जिवंत भासतो, हेही तितकेच खरे.

हाच चित्रपट पाहून प्रभावित झालेले जपानचे एइजी त्सुबुराया (१९०१–१९७०) यांनी तोहो या संस्थेसाठी १९४२ साली पर्ल हार्बरवरील हल्ल्याचे प्रतिकृतिचित्रण केले होते. ‘गोजिरा’ (१९५४, दिग्दर्शक इशिरो होंडा) च्या वेळी एकेका चित्राने हालचाल घडविण्यास पुरेसा वेळ नसल्याने त्यांनी हारुओ नाकाजिमा या नटास रबरी पोशाख चढविला आणि त्याच्याभोवती टोकियो शहर पंचविसांश प्रमाणात उभारले. ५० मीटर उंचीचा प्राणी त्यामुळे दोन मीटरांचा झाला. इमारती सुबकपणे पडाव्यात म्हणून त्यांची मजबुती हेतुपुरस्सर मोजून कमी करावी लागे, म्हणजे उभारतानाच पडण्याचा आराखडा तयार असे. टोकियो प्रत्यक्ष जळून गेल्याला तेव्हा पुरती दहा वर्षेही लोटली नव्हती, आणि गिंझा भागातील घड्याळाचा मनोरा कोसळताना पाहणाऱ्या प्रेक्षकांपैकी अनेकांनी खरी राख पाहिलेली होती. ज्यांना या दृश्यात केवळ बालिश मोडतोड दिसते, त्यांनी ही वस्तुस्थिती जमेस धरावयास हवी.

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मध्ये स्थिर वस्तूची सवलत पूर्णत्वास नेलेली दिसते. डिस्कव्हरी या यानाची मुख्य प्रतिकृती सुमारे ५४ फूट लांब होती. भिंगाचे छिद्र अत्यंत लहान ठेवून एकेका चित्रास कित्येक सेकंद प्रकाश दिला जाई आणि कॅमेरा रुळावरून कणाकणाने सरके. नंतर फीत मागे घेऊन, तीच चाल तंतोतंत पुन्हा चालवून, खिडक्यांतील माणसांची दृश्ये त्याच फितीवर उतरविली जात. ही पुनरावृत्ती यंत्राच्या हवाली करण्याचे काम जॉर्ज लुकास यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेत झाले. जॉन डायक्स्ट्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या हुकमतीत चालणारा कॅमेरा सिद्ध केला, आणि ‘स्टार वॉर्स’ (१९७७) मधील याने स्वतः जवळजवळ स्थिर राहूनही झेपावताना दिसू लागली. त्यांच्या पृष्ठभागावरील तपशील बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या व जहाजांच्या जुळणी-संचांतील सुटे भाग चिकटवून साधला होता. त्या भागांचा उपयोग काय हे कोणीच सांगू शकत नाही, पण बारीक तपशील मुबलक असला की डोळा वस्तूस आपोआप अवाढव्य मानतो.

१९९० नंतर संगणकनिर्मित दृश्यांनी हा व्यवसाय झपाट्याने आटविला; तथापि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (२००१–२००३) साठी न्यूझीलंडच्या वेटा कार्यशाळेने मिनास तिरिथ हे नगर बहात्तरांश प्रमाणात घडविले, आणि ‘इंटरस्टेलर’ (२०१४) व ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) या चित्रपटांतही प्रतिकृतींचे चित्रण करून त्यांवर संगणकाचे संस्करण चढविले गेले. बहुतेक प्रतिकृती चित्रणातच नष्ट होतात, किंवा काम संपताच गोदामाचे भाडे वाचविण्यासाठी मोडल्या जातात. त्यामुळे त्यांचे आराखडे, प्रमाणे व चित्रणगतीची टिपणे जतन करण्याची तजवीज चित्रपट-संग्रहालयांनी फितींच्या बरोबरीने करावयास हवी. ‘२००१’ मधील चंद्रयानाची, नष्ट झाली असे मानली गेलेली प्रतिकृती पुढे एका खाजगी संग्रहात आढळली आणि २०१५ साली अमेरिकेच्या मोशन पिक्चर अकादमीने ती लिलावात विकत घेतली.