जुने गोवे : यात्रा आणि वाटा

उत्तर गोवा जिल्ह्याच्या तिसवाडी तालुक्यातले, मांडवीच्या दक्षिण तीरावरचे गाव. पोर्तुगीज सत्तेची एके काळची राजधानी आणि आज संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांमुळे भारतातले एक मोठे कॅथलिक यात्रास्थान. पणजीच्या पूर्वेस सुमारे 10 किमी. कोकणीत पोरणें गोंय, पोर्तुगीज कागदपत्रांत वेल्हा गोवा, त्याही आधी विजापूरकरांच्या काळात एला. बसच्या पाटीवर आणि कंडक्टरच्या तोंडी मात्र एकच नाव : ‘ओल्ड गोवा’. येथील चर्च आणि मठांचा 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. यात्रेकरूला सगळे गाव एका दिवसात नीट पाहता येते, आणि मुक्कामासाठी बहुतेक लोक पणजीच पसंत करतात. त्यामुळे ‘जायचे कसे आणि परतायचे कसे’ हा प्रश्न इथे देवदर्शनाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पहिली अडचण नावाची. पणजी-मडगाव महामार्गावर आगशीच्या अलीकडे ‘गोवा वेल्हा’ नावाचे दुसरेच गाव आहे. शब्द तेच, क्रम उलटा. तेही पणजीपासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर, पण दक्षिणेला, जुवारीच्या बाजूला. ही कदंबांची राजधानी गोपकपट्टण. पोर्तुगीज येण्याआधीच तिचे वैभव ओसरले होते. तिथेही कॅथलिक यात्रा भरते : उपवासकाळाच्या अखेरीस एका सोमवारी निघणारी संतांच्या पुतळ्यांची मिरवणूक. शेजारी पिलारचा मठ आहे. म्हणजे फसगत व्हायला सगळी सामग्री तयार आहे. मडगावच्या बसमध्ये बसून ‘गोवा वेल्हा’चे तिकीट काढणारा यात्रेकरू चर्चपाशी उतरतोही, फक्त ते चर्च वेगळे असते. पणजीच्या स्थानकावर ‘फोंडा, ओल्ड गोवा’ अशी आरोळी ऐकू आल्याशिवाय बसमध्ये चढू नये.

आता थोडे मागे जावे लागते, कारण या गावाच्या वाटा त्याच्या इतिहासाशिवाय कळत नाहीत. 25 नोव्हेंबर 1510 रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, आफोन्सो द अल्बुकर्कने हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा आणि कायमचे घेतले. 1530 मध्ये पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी कोचीनहून येथे आली. हे शहर वसले ते नदीकडे तोंड करून. व्हाइसरॉय, पाद्री, घोडे, मिरी, पत्रे, रोग, सगळे गलबतांतून मांडवीने वर आले. झेवियर स्वतः 6 मे 1542 रोजी याच वाटेने आले. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर त्यांचा मृत्यू झाला, आणि 1554 च्या मार्चमध्ये त्यांचे पार्थिवही मलाक्काहून जहाजानेच परतले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने धक्क्यासमोर आपल्या पणजोबांच्या, म्हणजे वास्को द गामाच्या, स्मरणार्थ कमान उभारली. नवा व्हाइसरॉय या कमानीतून शहरात शिरे. आजची कमान 1954 मध्ये पुन्हा बांधलेली आहे.

पुढे साथींनी शहर पोखरले. लोक उठून गेले, 1759 मध्ये व्हाइसरॉयही पणजीला राहायला गेला आणि 1843 मध्ये राजधानीचा दर्जा अधिकृतपणे पणजीला मिळाला. घरे पडली, त्यांचा दगड इतरत्र गेला. चर्च मात्र उरली. त्यामुळे आज इथे महामार्गाने येणारा माणूस खरे तर मागच्या दाराने येतो. पुढचे दार नदीवर आहे आणि तिथे गर्दी नसते.

पणजीहून येण्याचे दोन रस्ते आहेत. मेरशी, चिंबलकडून कदंब पठारावरून जाणारा रस्ता रुंद आणि वेगवान. टॅक्सीवाला न विचारता तोच घेतो. दुसरा रायबंदरचा. पणजीच्या पाटोपासून रायबंदरपर्यंतचा बांध हा काउंट लिन्यारिश या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत 1633-34 मध्ये बांधला गेला. लांबी सुमारे 3.2 किमी, दोन्ही बाजूंना मिठागरे आणि दलदल, आणि जवळजवळ चार शतके उलटली तरी त्यावरून गाड्या धावताहेत. त्यापुढे रायबंदरची जुनी घरे, नदीकडे उघडणाऱ्या व्हरांड्यांची, आणि चोडण बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का. वेळ थोडा जास्त लागतो. पण एका दिवसाच्या यात्रेतली दहा मिनिटे वाचवून कोणाला काय मिळते हे या नोंदीच्या लेखकाला उमजलेले नाही. बसमध्ये डाव्या बाजूची खिडकी धरावी. नदी त्या बाजूला.

बस हाच सर्वांत सोयीचा पर्याय. पणजीच्या कदंब स्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या कदंब महामंडळाच्या आणि खासगी बसगाड्या दिवसभर सुटत राहतात; बहुतेक जुन्या गोव्यावरून जातात आणि गांधी चौकात उतरवतात. तिथून झेवियर यांचे अवशेष असलेली बॉम जीझस बॅसिलिका चालत पाच मिनिटांवर. जाताना कोणती बस रायबंदरवरून आणि कोणती कदंब पठारावरून, हे चढण्याआधी विचारून घ्यावे. येताना मात्र अंधार पडण्यापूर्वी निघणे बरे, कारण संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात आणि चौकात उभे राहणाऱ्यांची संख्या तेवढीच राहते. एकट्या माणसासाठी ‘पायलट’ हा खास गोव्याचा मार्ग : पिवळ्या-काळ्या रंगाची परवानाधारक मोटारसायकल, मागच्या सीटवर प्रवासी. भाडे आधी ठरवावे. भाड्याची स्कूटर घेणाऱ्यांनी एवढे पाहावे की नंबरपाटी काळी आणि आकडे पिवळे आहेत. खासगी गाडी भाड्याने घेतलेली सापडली तर दंडाचा त्रास चालवणाऱ्यालाही होतो.

रेल्वेने येणाऱ्यांचे स्थानक करमळी. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 1998 मध्ये खुला झाला. त्याआधी गोव्यातील आखणीवरून मोठे वादंग झाले होते आणि जुन्या गोव्याचा वारसा हा त्यातला एक मुद्दा होता. मार्ग जवळूनच गेला. परिणामी इतक्या जवळ स्थानक असलेली यात्रास्थाने थोडीच : करमळीहून बॅसिलिका दोन-तीन किलोमीटर. स्थानक लहान, बाहेर टॅक्सी आणि रिक्षा मिळतात. सामान नसेल आणि ऊन चढले नसेल तर चालतही जाता येते. वाटेला लागणाऱ्या करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या सकाळी करमळीला पोचवते आणि संध्याकाळी मडगावहून सुटणारी तीच गाडी परत नेते. दोन रात्री गाडीत आणि मधला एक दिवस जुन्या गोव्यात, असा हिशेब गोव्यात खोली न घेता जमतो. मात्र पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि गाड्यांचा वेग कमी होतो; तेव्हा हा हिशेब पुन्हा मांडावा. वंदे भारत थिवीला आणि मडगावला थांबते, करमळीला नाही. सिंधुदुर्गातल्या माणसाला मुंबईच्या गाड्यांची वाट पाहण्याचेही कारण नाही. सावंतवाडी किंवा कुडाळहून करमळी म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येण्याचे अंतर.

करमळीचीही जोडी आहे, हे सांगितले पाहिजे. सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ ब्रह्मकरमळी नावाचे गाव आहे. सोळाव्या शतकात तिसवाडीतली देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा करमळीच्या भक्तांनी आपला ब्रह्मदेव तिकडे नेला आणि सोबत गावाचे नावही नेले. गोव्याच्या नकाशावर एका नावाची दोन गावे दिसली की त्यामागे बहुधा असा एखादा प्रवास असतो.

बेळगावकडून येणाऱ्यांसाठी अनमोड घाटाचा महामार्ग फोंड्यावरून थेट जुन्या गोव्यात उतरतो. चोर्ला घाट पसंत करणारे साखळी, माशेल, बाणस्तारी या वाटेने येतात. दोन्हींत जुने गोवे पणजीच्या आधी लागते, तेव्हा पणजीपर्यंत जाऊन परत येण्याची गरज नाही. मडगावहून सरळ बस शोधत बसण्यापेक्षा पणजीला किंवा फोंड्याला बदलणे सोपे, अथवा आगगाडीने करमळी. दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवरून आधी पणजी गाठणे उत्तम.

यंत्राची वाहने बाजूला ठेवली तरी एक वाट उरते, आणि ती सर्वांत जुनी. 24 नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना चालते आणि 3 डिसेंबरला झेवियर यांचे फेस्त. त्या दिवसांत सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार या भागांतून यात्रेकरू चालत येतात. कित्येक गोंयकारही आपापल्या गावाहून पहाटे निघून पायीच पोचतात. पंढरीची वारी पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवे काही वाटणार नाही. दिंडीच्या पताकांऐवजी क्रूस असतो आणि पायांचे फोड सारखेच. फेस्ताच्या दिवशी गोव्यात सार्वजनिक सुट्टी असते. वाहने गावाबाहेर अडवली जातात, कदंबच्या जादा गाड्या धावतात, जत्रेत खाजे आणि फुटाण्यांचे ढीग लागतात. गर्दी सोसत नसेल त्याने नोव्हेनाचा आठवडा टाळावा. ज्याला यात्रा म्हणजे काय ते पाहायचे आहे त्याने मात्र तोच निवडावा आणि स्वतःची गाडी पणजीत सोडावी.

याहून मोठी गर्दी दर दहा वर्षांनी. बॅसिलिकातली शवपेटी तेव्हा मिरवणुकीने समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणली जाते आणि सुमारे सहा आठवडे जवळून दर्शन मिळते. गेल्या वेळी हे दर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात होते. एरवी पेटी उंच समाधीवर असते आणि खालून फारसे दिसत नाही. लांबून आलेले लोक यामुळे हिरमुसतात. आधी माहीत असलेले बरे.

गावात पोचल्यावर वाहन लागत नाही. बॉम जीझस बॅसिलिकाचे काम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये तिचे अभिषेचन झाले. तिच्या भिंती उघड्या जांभ्या दगडाच्या दिसतात, कारण वरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला. कोकणातल्या माणसाला तो दगड घरचाच वाटतो. चांदीची पेटी सतराव्या शतकातली, गोव्याच्याच कारागिरांची. तिच्याखालची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या फोजिनीची, तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने दिलेली आणि 1698 मध्ये येथे जोडलेली. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल 1562 मध्ये सुरू झाले. त्याचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. कॅथेड्रलच्या परिसरातच इन्क्विझिशनचा वाडा होता. 1560 मध्ये आलेली आणि 1812 मध्ये संपलेली ही धर्मचौकशी मागवणारे पत्र झेवियरनीच पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. त्याच झेवियरना आज हिंदू गोंयकारही ‘गोंयचो सायब’ म्हणतात, नवस बोलतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाडा राहिलेला नाही. लोक त्याला थोरलें घर म्हणत.

पश्चिमेच्या टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचा 46 मीटर उंचीचा एकटा मनोरा उभा आहे. चढण थोडीच, पण दुपारी तिथे सावली नाही. सकाळी आधी टेकडी आणि मग खालची चर्च हा क्रम चांगला. रविवारी सकाळी मिस्सा असल्याने पर्यटकांना उशिरा आत सोडतात. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

आणि शेवटी तास-दीड तास नदीसाठी राखून ठेवावा. कमानीतून धक्क्यावर गेले की दिवाडी बेटाची फेरीबोट मिळते. माणसे, स्कूटर, कधी एखादी मोटार, माशांची टोपली, सगळे एकाच फळीवरून चढते. बोट मध्यावर पोचली की मागे वळून पाहावे : झाडांतून वर आलेले पांढरे आणि तांबूस माथे, खाली कमान. हे शहर ज्या कोनातून दिसावे म्हणून बांधले तो कोन हाच. दिवाडीच्या उत्तर टोकाहून आणखी एक फेरी डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जाते. दिवाडीवरच्या मूळ नार्व्यातून हलवलेला सप्तकोटेश्वर तिथे आहे, ज्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. सकाळी बॅसिलिका आणि दुपारी सप्तकोटेश्वर, दोन फेऱ्या आणि मध्ये बेटावरची वाट, असा दिवस स्कूटरवाल्याला आरामात जमतो. पायी जाणाऱ्याने दिवाडीचा धक्का पाहून परतावे. बोट थोड्याच वेळात पुन्हा सुटते.