साळिंदर-गोलांचे कूळ

बर्लिनचे निसर्गशास्त्रज्ञ ख्रिस्तिआन एरेनबर्ग यांनी 1836 च्या सुमारास चकमकीच्या दगडाच्या पातळ कपच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा त्यांना सर्वांगावर काटे असलेले चिमुकले गोल आढळले. मिलिमीटरच्या काही शतांशांएवढे हे जीवाश्म क्रिटेशस काळातील समुद्राचे. त्यांचे रूप गोड्या पाण्यातील झँथिडियम या शैवालाशी जुळते असे पाहून एरेनबर्गांनी एका प्रजातीस 'झँथिडियम रामोसम' असे नाव दिले. गंमत अशी की, चकमकीतीलच दुसरा एक जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटचा, म्हणजे चाबकासारख्या दोन तंतूंनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवाचा आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. काटेरी गोलही त्याच कुळातील असावेत, ही शंका मात्र त्यांना आली नाही.

इग्वानोडॉनमुळे प्रसिद्धी पावलेले इंग्रज डॉक्टर गिडियन मँटेल यांनी 1850 साली या गोलांना 'स्पिनिफेराइट्स' हे स्वतंत्र नाव दिले. ते पुढे विस्मृतीत गेले. 1933 साली ऑटो वेट्झेल यांनी 'हिस्ट्रिकोस्फेरा', म्हणजे साळिंदर-गोल, हे नाव सुचविले आणि ते रूढ झाले. पण नावाने कूळ कळले नाही. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही अशा प्रत्येक काटेरी जीवाश्माची ती धर्मशाळाच झाली म्हणा ना!

सव्वाशे वर्षे सर्वांची दृष्टी काट्यांवर खिळली होती. अमेरिकेत एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विल्यम एव्हिट यांनी 1961 साली भोकाकडे लक्ष वेधले. कवचाला पडलेले हे भोक आघाताने झालेले असते, तर ते कोठेही व कसेही असते. परंतु एका प्रजातीच्या नमुन्यांत ते ठरावीक जागी, ठरावीक आकाराचे आढळे. आणि तो आकार डायनोफ्लॅजेलेटच्या चिलखताच्या पट्टिकेशी जुळे. स्पिनिफेराइट्सचे काटेही पट्टिकांच्या सांध्यांवरच उगवलेले दिसतात. उलगडा झाला: पोहणाऱ्या पेशीचे सेल्युलोजचे चिलखत कुजून जाते, तिने आत निर्माण केलेली विश्रांतीची पुटी मात्र टिकते. पेशी जेथून बाहेर पडली, त्या दाराला एव्हिट यांनी 'आर्किओपाइल' म्हटले. त्याच दशकात डेव्हिड वॉल आणि बॅरी डेल यांनी वुड्स होल येथे अशा जिवंत पुट्या उबवल्या. काही काटेरी पुट्यांतून गोनिऑलॅक्स वंशाच्या पेशी पोहत बाहेर आल्या. याहून बोलका पुरावा कोणता हवा?

अग्रक्रमाच्या नियमाने मँटेल यांचे नाव पुन्हा मान्य झाले. एरेनबर्गांची प्रजाती आज 'स्पिनिफेराइट्स रामोसस' म्हणून ओळखली जाते. खडक तपासणारे आणि पाणी तपासणारे अभ्यासक वेगळे असल्यामुळे एकाच जीवाच्या दोन अवस्थांना दोन नावे मिळाली. ही अडचण अद्याप सुटलेली नाही. ज्या गोलांवर दारही नाही व पट्टिकांची खूणही नाही, त्यांना एव्हिट यांनी 1963 साली 'अॅक्रिटार्क', म्हणजे अनिश्चित उगमाचे, असे म्हणून वेगळे काढले. त्यांतील पुष्कळ आजही त्याच वर्गात आहेत.