वकिलाविरुद्ध तक्रार : दाद सनदेच्या परिषदेकडे

गोव्यातील कापड दुकानदाराने सुरतच्या व्यापाऱ्याला दिलेला धनादेश वटला नाही आणि तो व्यापाऱ्याने आपल्या सुरत शाखेतील खात्यात भरलेला असेल, तर खटला सुरतच्याच न्यायालयात चालतो. तेथे नेमलेल्या वकिलाने शुल्क घेऊन तारखा चुकवल्या, तर पक्षकाराने दाद कोठे मागावी? वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. त्यामुळे अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील शिस्तभंग चौकशीचे महत्त्व वाढले आहे.

अधिकार कोणाचा?
वकिलाचे नाव ज्या राज्य बार कौन्सिलच्या नोंदवहीत असेल, तिच्याकडेच तक्रार करावी लागते. खटला कोठे चालला, यावर हे ठरत नाही. सुरतचे वकील सामान्यतः गुजरात बार कौन्सिलचे सदस्य असतात. सुरतच्या दक्षिणेस असलेला दमण मात्र गोव्याप्रमाणेच महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या कक्षेत येतो. म्हणून वकिलाचा सनद क्रमांक आधी पाहावा.

चौकशी कशी चालते?
तक्रार लेखी, स्वाक्षरीसह व सत्यापित असावी लागते. विहित शुल्कही भरावे लागते. गैरवर्तन झाल्याचे मानण्यास कारण आहे, असे कौन्सिलला वाटल्यास प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. वकिलाला व राज्याच्या महाधिवक्त्यांना नोटीस निघते. साक्षीदारांना बोलावणे, शपथेवर जबानी घेणे व कागदपत्रे मागवणे, हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला असतात. तक्रारदाराने माघार घेतली वा तडजोड केली, एवढ्यावरून चौकशी थांबत नाही. वर्षभरात निकाल न लागल्यास प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते.

शिक्षा व अपील
समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी निलंबित करू शकते किंवा नोंदवहीतून त्याचे नाव काढू शकते. निलंबित वकिलाला देशातील कोणत्याही न्यायालयात काम करता येत नाही. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे व त्यानंतर तितक्याच मुदतीत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

गैरवर्तन कशाला म्हणतात?
खटला हरणे हे गैरवर्तन नव्हे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारात पक्षकारांना गाठून त्यांची कामे ओढून घेणाऱ्या वकिलांचे प्रकरण 'महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोलकर' म्हणून ओळखले जाते. भारतीय बार कौन्सिलच्या समितीने त्या वकिलांना दोषमुक्त केले होते. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दृष्टिकोन अमान्य केला आणि अशा आदेशाविरुद्ध राज्य कौन्सिललाही अपील करता येते, असे ठरवले. शुल्क थकले म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे याच न्यायालयाने २००० मध्ये सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले.

मर्यादा
ही चौकशी सनदेपुरती असते. बुडालेले पैसे वसूल करण्यासाठी दिवाणी दावा आणि फसवणुकीसाठी पोलीस तक्रार, हे मार्ग स्वतंत्र राहतात. यांपैकी कोणत्याही मार्गाने जायचे असले, तरी वकीलपत्राची प्रत, शुल्काच्या पावत्या, संदेश आणि न्यायालयाच्या रोजनाम्याच्या प्रती पक्षकाराने आरंभापासून जपून ठेवाव्यात. तारखेला कोण हजर होते, हे रोजनाम्यावरूनच सिद्ध करणे सोपे जाते.