साखळी सोडणारे हात

मानसोपचाराच्या इतिहासात एक चित्र हमखास भेटतं. फ्रेंच चित्रकार तोनी रोबेर-फ्लरी यानं ते १८७६ साली रंगवलं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात डॉक्टर फिलिप पिनेल रुबाबात उभे आहेत आणि एक माणूस एका तरुणीच्या कमरेचा लोखंडी पट्टा सोडवतो आहे. लोक डॉक्टरांकडे बघतात. माझी नजर त्या दुसऱ्या माणसाच्या हातांवर जाते.

कारण साखळदंड काढण्याची खरी कथा अशाच एका माणसाची आहे. झाँ-बातिस्त प्युसँ हा कातडी कमावणारा कारागीर. गंडमाळा झाल्या म्हणून १७७१ साली तो बिसेत्र इस्पितळात आला, बरा झाला आणि तिथंच कामाला राहिला. पुढं वेड्यांचा विभाग त्याच्या हाती आला. रुग्णावर हात उगारायचा नाही, असा त्याचा नोकरांना दंडक होता. बरे झालेले रुग्णच तो सेवक म्हणून नेमी. मार खाल्लेला माणूस सहसा मारत नाही. त्याची बायको मार्गरीतही त्याच कामात होती. पिनेल बिसेत्र सोडून गेल्यावर, १७९७ साली, प्युसँनं तिथल्या साखळ्या काढल्या. स्वतः पिनेलनं त्याचं मोठेपण लिहून ठेवलंय. विसरलो ते आपण.

साखळी गेली आणि तिचं काम माणसांच्या अंगावर आलं. १९३०च्या दशकात इन्सुलिननं बेशुद्ध करण्याचा उपचार निघाला. सकाळी उपाशीपोटी इंजेक्शन. मग घामानं निथळणारा रुग्ण, पुन्हा पुन्हा बदलायच्या चादरी, नाकातल्या नळीनं साखरेचं पाणी. क्षणभरही नजर हटवायची सोय नाही. १९३८ साली रोममध्ये विजेचा झटका आला. भूल नसायची. खांदे, कंबर, गुडघे चार-पाच जणांनी धरायचे, कुणीतरी जबडा सांभाळायचा. पकड सैल पडली तरी हाड मोडे, जास्त घट्ट झाली तरी मोडे. शोध लावणाऱ्यांची नावं पुस्तकात आली, धरणाऱ्यांची नाहीत.

आमची एक खाला मनोरुग्णालयात परिचारिका होती. बांगड्या ती फक्त ईदच्या सुट्टीत भरायची. ड्यूटीवर बांगडी नाही, माळ नाही, केसांचा घट्ट अंबाडा. रात्रपाळी करून आली की मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बसायची. एकदा तिच्या दंडावर दातांचे व्रण दिसले. विचारलं तर म्हणाली, "घाबरला होता बिचारा."

६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात आग लागली. साखळीनं बांधलेले २८ जण जळून गेले. खाला त्या दिवशी जेवली नाही. "रात्री जागायला माणूस नको म्हणून साखळी," एवढंच म्हणाली.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी आणि भुलीविना झटका, दोन्हींवर बंदी घातली. रुग्णाला धरून ठेवायचं तेही दुसरा मार्गच उरला नाही तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि गरजेपुरतंच. तोवर समजूत घालायची, शेजारी बसायचं, तासन् तास. त्याला माणसं लागतात, आणि ती वॉर्डात नेहमीच कमी पडत आली.

निवृत्तीनंतर खालाचं मनगट वळेनासं झालं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नसे. काही न बोलता ती बरणी माझ्यापुढं सरकवायची.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)